देव की अंडं

अव्वा, तुझे गुडघे आता कसे आहेत? अप्पांचा खोकला थांबला का? तुझ्या मागोमाग गेलेली आपली देवणी गाय तिकडं तरी पोटभर चरते ना? इकडं मी बरा आहे. नजर एकाच डोळ्याची राहिली, घड्याळाचं भिंग लावायचो त्या. तुझी धाकटी लेक तुझ्यासारखीच पहाटे उठते आणि तुझ्यासारखीच बोलते.

घड्याळं दुरुस्त करायचं दुकान बंद केल्यापासून मी नांदेडला एका कॉलेजात जाऊन बसतो. तिथल्या मॅडम मला डायनासोरच्या अंड्यांच्या टरफलांचे, दगड झालेले तुकडे निवडायला देतात, तू डाळ निवडायला द्यायचीस तसे. "आजोबा, आकाराला भुलू नका, कड बघा," म्हणतात. कड भिंगाखाली धरली की बारीक खांब उभे दिसतात, खाली निमुळते, वर पंख्यासारखे पसरलेले. खांब सुटे की एकमेकांत मिसळलेले, वरून टरफल दाणेदार की गुळगुळीत, त्यावरून प्रकार पाडायचे. आत पिल्लू सापडल्याशिवाय अंडं कुणाचं ते सांगता येत नाही, म्हणून नाव जनावराला नाही, टरफलालाच देतात.

हे शिकता शिकता मला तुझा देव आठवला. जळकोटच्या रानात नांगराला लागलेला तो गोल गोटा. तुझ्या हातून घंगाळात पडून त्याचा टवका उडाला होता. तो आता धाकटीच्या देवघरात आहे. ते अंडं असेल, असं मी बोलून गेलो आणि तिचा विभूतीचा हात तसाच थांबला. "अण्णा, काय बी बोलायलास. अव्वानं घरात अंड्याचं नाव काढू दिलं न्हाई, अन् मी रोज त्याला विभूती लावू? अंडं निघालं तर घेऊन जा तुझ्याकडं." तिचंही खरंच होतं. लहानपणी मी टिटवीचं अंडं उचलून आणलं, तेव्हा तू चुलीपुढून उठलीसुद्धा नाहीस. "जिथलं तिथं ठेवून ये, हात धू, मग मला शिव," एवढंच म्हणालीस.

परवा तिच्या ओसरीवर बसून टवक्याची कड बघितली. खांब एकही नाही. कांद्यासारखे पापुद्रे, एकावर एक. आपल्याकडचा काळा दगड झिजताना असाच गोल होत जातो. धाकटी दारात उभी. "मंग? देवच ना?"

"दगड हाय," मी म्हणालो.

"तेच तर," ती म्हणाली आणि गोटा माझ्या हातातून काढून घेऊन गेली.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून तुला सांगतो. कड मी फिरवून फिरवून बघितली, एखादा तरी खांब सापडावा म्हणून. तुझा अंगठा फिरून फिरून त्या गोट्याला खळगा पडलाय, त्यात माझा अंगठा नेमका बसतो. अंडं निघालं असतं, तर तो माझ्या घरी आला असता. माझ्याकडं तुझं असं काहीच नाही. तुला लिहिता येत नाही, ठाऊक आहे. अप्पांकडून दोन ओळी लिहून घे, जरा लवकर, हा एक डोळा आहे तोवर.