साक्षीची तालीम

दिंद्रुड,
२६ एप्रिल १९८७, रविवार

दादा,

नमस्कार. तू बरा असशील असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बीडच्या जेलात माणूस किती बरं राहतं ते काय मला कळत नाही व्हय? आई बरी आहे. आबांचा हात जुळला, पण वाकडा जुळला. जेवताना कोपर कानाला लागतं. बंकट मेल्यावर त्याचे भाऊ काठ्या घेऊन घरात घुसले, तेव्हा आबांनी आईच्या डोक्यावर हात धरला होता, तोच हा हात. त्या दिवशी मोडलेल्या दाराला अजून दोरीच बांधतो. आड आटला. टँकर आला तर आला.

आई तुला भेटून आली आणि तुझा निरोप सांगितला. "वच्छीला म्हणावं कोर्टात नीट बोल, न्हाईतर सुटल्यावर तंगडं मोडीन." मिळाला बरं का निरोप. सांगताना आई माझ्याकडं बघत नव्हती.

आधी कॉलेजचं सांगते. बी.कॉम.चं दुसरं वर्ष संपत आलं. आमचे बद्रीनाथ सर दर शनिवारी नोकरीची तयारी करून घेतात. अर्ज कसा लिहायचा, साहेबांच्या खोलीत कसं जायचं, खुर्ची ओढताना आवाज करायचा नाही, "हाव" म्हणायचं नाही, "होय सर" म्हणायचं. मग ते स्वतः साहेब होतात आणि खोटी मुलाखत घेतात. मला विचारलं, "तुमच्यातला एक दोष सांगा." मी म्हणाले, "राग, सर. आमच्या घराण्यात चालत आलाय." पोरं बाकं बडवून हसली. सर म्हणाले, "अगं बाई, असं खरं सांगत असतात का? म्हण, मला काम अर्धवट ठेवलेलं खपत नाही." मी तेच म्हणाले, मान ताठ ठेवून. सर खूश झाले. पुऱ्या वर्गात माझ्याइतकं कुणालाच जमत नाही, दादा. मेली ही जीभ कुठून आणली, माहीत नाही.

दुसरी तालीम तुझ्या वकिलाकडं चालते. तिथंही तेच. टेबलाच्या पलीकडं तो, अलीकडं मी. "आवाज कापू देऊ नका. विचारलं तेवढंच बोला." मग विचारतो, "बंकट काय करीत होता?" मी म्हणायचं, "त्यानं माझा हात धरला. मी ओरडले. म्हणून भाऊ धावून आला." तिसऱ्या खेपेला माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. वकील टेबलावर थाप मारून म्हणाला, "वा! सरकारी वकील उताणा पडंल."

दूध संस्थेचे चेअरमन रामकिसनरावही तिथंच पानसुपारी खात बसले होते. म्हणाले, "चार तारखेला कोर्टात येवढं बोल पोरी, परळीच्या हापिसात कायम करतो तुला. टेबल, खुर्ची, पंखा." ते का म्हणाले ते मला कळतंय. भांडण दुधावरनं झालं असं निघालं तर दूध संस्थेवर बोट येतं. बाईवरनं झालं असं निघालं तर सगळेच सुटतात. मेलेला सोडून.

आता टँकरचं सांगते. आईलाही सांगितलं नाही.

बुधवारी रांगेत छबुबाई माझ्या मागं होती. हळूच म्हणाली, "खुन्याची बहीण पुढं, आमी मागं." मी वळले आणि हातातली कळशी तिच्या तोंडावर हाणली. कपाळ फुटलं. भिवईवरनं रक्त गळून तिच्या डोळ्यात गेलं, आणि ती आंधळ्यासारखी हात पुढं करून खाली बसली. मी थांबले का? छट्. परत हाणली. खांद्यावर बसली. आणि खरं सांगू, दादा? लई गार वाटलं. वर्षभर छातीत काहीतरी पेटलेलं होतं, ते विझल्यागत झालं. तुला असंच वाटत असणार.

बायका धावल्या. "कावून मारलं गं?" मी हुंदका दिला आणि म्हणाले, "हिनं आधी माझी वेणी ओढली." एका दमात. इकडचा शब्द तिकडं नाही. सगळ्यांनी विश्वास ठेवला. उलट छबुबाईलाच शिव्या बसल्या, "पोरीच्या जातीला हात लावती व्हय गं!" ती रक्त पुसत नुसती "न्हाई, न्हाई" म्हणत होती. कुणी ऐकून घेईना.

भरलेली कळशी घेऊन मी घरी आले आणि ओकले.

दुसऱ्या दिवशी टँकरवर सगळ्यांदेखत सांगितलं, "वेणी ओढली नव्हती. मी खोटं बोलले." छबुबाईनं पुढं येऊन अशी कानफटात दिली की कान अजून वाजतोय. मी उलट हात उचलला नाही. उचलावासा वाटला, पण नाही उचलला.

दादा, गेला उन्हाळा तुला मी काय सांगायचा? पण तुझ्या तोंडून आम्हाला एकदाही खरं ऐकायला मिळालं नाही, म्हणून मीच लिहिते.

सरांच्या ओळखीनं मी संस्थेच्या डेअरीत शिकाऊ म्हणून लागले. दूध गोळा करणारी मी, टेम्पोवर तू. तुला केवढा अभिमान! "माझी बहीण हापिसात हाय" म्हणून गावभर सांगत होतास. चेअरमननं मला शिकवलं होतं, दुधात काचेची नळी सोडायची, खाली बुडाली की दूध पातळ, आणि पातळ दिसलं की सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं, "पाणी मारलंय, दूध परत." म्हणजे बाकीच्यांना जरब बसते. बंकटची एकच गाय उरली होती, चारा छावणीतल्या उसाच्या वाढ्यावर जगलेली. नळी बुडाली. मी ओरडले. तो म्हणाला, "पाणी कुठनं मारू गं? प्यायला न्हाई घरात." मागाहून जनावरांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, उपाशी गाईचं दूध असंच पातळ उतरतं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी परत तेच ओरडले.

त्यानं शिवी दिली, पण मला नाही, संस्थेला. मला म्हणाला, "तू छापील बोलतीस बाई. तुझ्याशी काय भांडू." कॅन उचलला आणि पायऱ्या उतरायला लागला.

तू टेम्पोतनं जॅकची लोखंडी टॉमी काढून आलास. त्याची पाठ होती तुझ्याकडं. पहिला घाव मानेवर. तो गुडघ्यावर आला, कॅन सुटला. दुसरा टाळूवर. वाळलं लाकूड फोडताना येतो तसा आवाज आला. तिसऱ्या घावाला त्यानं हात आडवा धरला, तर बोटं मोडून उलटी झाली. तू ओरडत होतास, "माझ्या बहिणीला उलटं बोलतो बे?" मी "दादा नको" म्हणाले, ते तुला ऐकू आलं होतं. तू माझ्याकडं बघितलंस, आणि मग चौथा घातलास. दूध आणि रक्त पायऱ्यांवरनं खाली गेलं, तर कुत्री चाटायला आली. मी ओढणी त्याच्या डोक्याला बांधली, ती भिजून जड झाली.

पोलिसांपुढं माझी दातखिळी बसली. त्यांनी "मुलगी घाबरलेली" असं लिहिलं आणि गेले.

बंकटनं माझा हात धरला नव्हता. त्या दिवशी कोर्टात त्याची बायको विमलबाई बसलेली असेल. ती आता छावणीत शेण काढती. तिचा नवरा तू मारलास. आता तो बायकांचे हात धरणारा होता, हेही मी तिला ऐकवू? कुणी काही म्हणो, ते माझ्यानं होणार नाही. तू चिडशील. तंगडं मोडशील. मोड. मला तुझी भीती वाटती आणि तुझी आठवणही येती. लहानपणी मला चिडवणाऱ्या पोराचा तू दात पाडला होतास तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या. तेव्हा कुणीतरी आपल्या दोघांच्याही मुस्काटात द्यायला पाहिजे होती.

एक मागते. पुढच्या सोमवारी, चार तारखेला, माझ्या आधी तू उठ. जज्जाला सांग, तो चालला होता, मी मागनं मारलं. बहिणीच्या तोंडून भावाला खुनी ठरवायची वेळ माझ्यावर आणू नकोस. तुझी शिक्षा कमी होईल का, ते मला माहीत नाही. वकील म्हणतो, असं केलं तर जन्मठेपच. तरी मागते.

नाही उठलास, तर मी उठीन.

तू बोललास तरी तुझीच, नाही बोललास तरी तुझीच,
वच्छी