महामायाच्या नावानं शंभर

धामणगाव बढे,
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन, हात पुसून लिहायला बसलो.

प्रिय महामायाताई,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुझी पुण्याची ड्युटी आता दिवसाची झाली का रात्रीचीच आहे, ते कळव. सोयाबीन बहुतेकांचं निघालं. मला नवरात्रात कामं बरी मिळाली. दोन मंडळांचे बोर्ड केले आणि एका किराणा दुकानाचं शटर रंगवलं. आई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडते आहे.

ते तांदूळ कालच निवडून झाले होते.

महिना झाला, तू माझा फोन उचलत नाहीस. बरोबर आहे तुझं. दर वेळी आई झोपली आहे, आई विहारात गेली आहे, असं ऐकून कोणीही चिडेल. म्हणून पत्र लिहितो आहे. फोनवर तू पहिल्याच वाक्याला म्हणशील, आईला दे. मग पुढचं सांगायचं राहून जाईल.

आधी विहाराचं सांगतो. यंदा वर्षावासात, पावसाळ्याचे तिन्ही महिने, रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन झालं. बायका पांढरी पातळं नेसून यायच्या, राजकुमारकाका वाचायचे. वाचन संपलं की ताटात दान. कोणी दहा, कोणी वीस. काका प्रत्येकाचं नाव माईकवर सांगायचे आणि लिहून ठेवायचे. ताटातले पैसे कुलपाच्या पेटीत टाकायचं काम माझ्याकडे होतं. पेटी समापनालाच उघडायची असं ठरलं होतं. दरवर्षी त्या पैशातून पंखे किंवा सतरंज्या येतात आणि पंख्यावर दात्याचं नाव मी घालतो. यंदा कमिटीने ठरवलं की विहारात पंखे पुष्कळ झाले. मलकापूरला एका संस्थेने विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी दोन खोल्यांत दिवसभराचं केंद्र काढलं आहे, पैसे तिथे द्यायचे. अर्धे सांभाळण्यासाठी आणि अर्धे त्या आजाराचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांसाठी. कमिटीने हे ठरवलं तेव्हा मी कोपऱ्यात सतरंजी झटकत होतो. झटकलेलीच सतरंजी पुन्हा झटकली.

पहिल्या संध्याकाळी आईने कमरेची पिशवी सोडली, शंभराची नोट ताटात ठेवली आणि म्हणाली, "माह्या महामायाच्या नावानं शंभर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा उठली. पुन्हा शंभर, तुझ्याच नावाने. तिसऱ्या दिवशी पिशवीत नोट सापडेना, तेव्हा ती अशी कासावीस झाली की वाचन थांबलं. मी माझ्या खिशातली शंभराची नोट तिच्या हातात दिली.

ताई, रोज शंभर कुठून आणू? मग मी काय केलं ते लिहितो. पेटीत पैसे टाकताना तिची नोट बाजूला काढायची आणि घरी आल्यावर ती झोपली की पिशवीत परत ठेवायची. तीच एक नोट. गांधीजींच्या चष्म्याजवळ हिरवा ठिपका आहे तिच्यावर, माझ्याच रंगाचा. ताप होता ते दिवस सोडले तर रोज संध्याकाळी तुझं नाव माईकवर गेलं. शेजारच्या पुष्पाबाई मला हापशीवर म्हणाल्या, "काऊन रे, तुह्या बहिणीले पगार रोजच्या रोज भेटते काय?" मी हसलो. गावाला वाटलं, तू पाठवतेस.

समापनापर्यंत कामाचे पैसे साठवून पेटीत भरायचे असं मी ठरवलं होतं. पण जूनमध्ये आईला अकोल्याला दाखवलं होतं. डोक्याचा फोटो काढला, डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. ती उसनवारी आणि गोळ्या यातच सगळं गेलं.

हे तुला आधी का कळवलं नाही, तर तिनेच शपथ घातली होती. तेव्हा ती पुष्कळ शुद्धीवर होती. म्हणाली, महामायाले सांगू नको, ते नोकरी सोडून येईन. आणि गावाचं तुला माहीत आहे. माणिकरावांच्या आईच्या मागे पोरं "येडी येडी" करत फिरायची. आईच्या मागे कोणी तसं फिरलं असतं तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

काल समापन झालं. मलकापूरहून केंद्राच्या रेणुकाताई आल्या होत्या. सत्कारानंतर पेटी उघडणार, पैसे कमी भरणार, आणि दानाच्या पेटीत हात घालणारा म्हणून माझं नाव कायमचं राहणार. काकांनी माईकवर वाचलं, सर्वांत मोठं दान महामाया यांच्यातर्फे भिमाबाई, आठ हजार चारशे. आईला पुढे बोलावलं आणि हातात फुलं दिली.

तिने फुलं खाली ठेवली, पिशवी सोडली आणि हिरव्या ठिपक्याची नोट काढली. "माह्या महामायाच्या नावानं शंभर. आजच तिले नोकरी लागली. नर्स झाली माही पोरगी."

तुला नोकरी लागून सहा वर्षं झाली, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

कोणी हसलं नाही. रेणुकाताईंनी तिचा हात धरला आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, हा कोण? आईने मला नीट पाहिलं. म्हणाली, "हा पेंटर हाय. चांगला पोरगा हाय बिचारा, रोज पोळ्या करून देते मले. याचे पैसे द्याचे राह्यले."

ताई, मला वाटलं होतं हे फक्त घरात घडतं. घरात ती मला जुलै महिन्यापासून पेंटर म्हणते.

मग मी उठलो आणि माईक न घेता सांगितलं की पेटीत आठ हजार दोनशे कमी भरतील, मी काढले, एकच नोट फिरवली. काका म्हणाले, "पैसे कमी भरले त भरता येते, बे पोरा. पण हे तू एकट्यानं काऊन उचललं?" पुष्पाबाई रागाने माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता चोर म्हणतील. त्या म्हणाल्या, मी रोज तिच्या मांडीला मांडी लावून बसत होती, मले तरी सांगायचं होतं.

मी रेणुकाताईंना म्हणालो, दर महिन्याला थोडे थोडे करून भरीन. त्या म्हणाल्या, भर. पण पुढे जे म्हणाल्या ते तुला सांगायचं आहे. "आजूबाजूच्या गावांतून आमच्याकडे पैसे येतात. माणूस एकाही गावातून आला नाही. घराघरात लपवून ठेवलेत. डॉक्टरांनी आतापर्यंत तपासली ती सगळी शहरातली माणसं. शेतात राबलेल्या बाईचं विसरणं कसं असते, हे आम्हाले कोण दाखवणार?" आणि मग विचारलं, आईला मंगळवारी आणि शुक्रवारी पाठवशील का.

मी हो म्हणालो. सगळ्यांच्या देखत म्हणालो. आता ते मागे घेता येत नाही, आणि तुझ्याशी न बोलता ठरवलं म्हणून काल रात्री झोप लागली नाही. तिथे ती रडली तर? कोणी तिच्यावर ओरडलं तर? रेणुकाताईंनी म्हटलं की पहिले काही दिवस मी तिथेच थांबू शकतो, त्यांच्या भिंती रंगवायच्याच आहेत.

शुक्रवारी, दहा तारखेला, पहिल्यांदा जाणार. डॉक्टर विचारणार आहेत की सुरुवात कधी झाली आणि आधी ती कशी होती. मला नीट सांगता येणार नाही. तू नोकरीला गेलीस तेव्हा मी शाळकरी होतो, आई मला आई म्हणूनच दिसायची. ती कोणती गाणी म्हणायची, कोणाचा हिशेब तोंडी करायची, हे तुला माहीत आहे. पत्र उशिरा पोचलं आणि शुक्रवारी येता आलं नाही तर पुढच्या मंगळवारी ये. नोकरी सोडू नकोस, फक्त ये. ती तुला ओळखेल. मला खात्री आहे.

केंद्रात दात्यांचा बोर्ड करायचा आहे. काका म्हणतात, तुझं नाव घाल, रक्कम भरली जाईल तेव्हा जाईल. मी नाव आखून ठेवलं आहे, रंग भरलेला नाही. तू हो म्हटल्याशिवाय भरणार नाही.

हे लिहीत असतानाच आई आत आली. पाच रुपयांचं नाणं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, बाकीचे मंग देईन भाऊ. मी ते घेतलं. नाही घेतलं तर ती दिवसभर बेचैन राहते.

तुझी वाट पाहणारा, तुझा भाऊ,
धम्मरत्न

ता. क. हिशेब तुला माहीत असावा म्हणून.
अकोला तपासणी व औषधे, आजपर्यंत: ११,६५०. त्यात उसने: ५,०००.
तुझ्या नावाने जाहीर दान: ८,४००, आणि काल मंचावर १००.
पेटीत जमा: पहिल्या दोन दिवसांचे २००, आणि काल मंचावरची शंभराची नोट. ती नोट आता तिथेच आहे.
केंद्राचे देणे: ८,२००.
आईकडून पेंटरला मिळाले: ५.
आईकडे पेंटरचे बाकी: काही नाही. पण हे तिला पटत नाही.