लेनुत्साने वर्गापुढे उभं राहावं का

प्रिय झांबिला,

इथे ल्युब्लियानात मी बरा आहे. हॉटेलची बहुतेक भांडी कल्हई करून झाली. खोकला आहे, पण रात्री झोप लागते. आईचे पाय अजून सुजतात का?

काल मोठ्या पातेल्यात कथील वितळलं होतं, पुसून पसरायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात आचारी आला. "मार्कू, तुम्ही रोमा लोक तोंड धुवायला एक घमेलं आणि पाय धुवायला दुसरं का घेता रे? पाणी तर एकच!"

मी मान वळवून समजावलं, कमरेवरचं पाणी वेगळं, खालचं वेगळं. वळून पाहतो तर कथील थिजून गाठी धरलेल्या. सगळं खरवडलं, पुन्हा केलं.

"अरे, मी एवढंच तर विचारलं!" म्हणाला. माणूस वाईट नाही. पण प्रत्येकजण एवढंच विचारतो.

शाळेतल्या बाईंनी आपल्या लेनुत्साला 'तुमच्या लोकांबद्दल सांग' म्हणून वर्गापुढे उभं करायचं ठरवलंय आणि तेव्हापासून ती शाळेत जात नाही, असं तू लिहिलंस. तिला सांग, मनात असेल तर बोल. नसेल तर बाईंना म्हणावं, मी इथे भूमिती शिकायला येते.

सांगून सांगून तिचा बाप थकलाय. तिने इतक्यात थकू नये.

तिच्या कपाळाची पापी घे.

तुझाच,
मार्कू