मोरेलचं खोगीर

प्रिय गोतिये,

मोरेलचा खूर भरून आला. हे आधी लिहिते, कारण तू पत्रात तेच शोधणार, आणि ते सापडेपर्यंत माझी एकही ओळ तुझ्या डोक्यात शिरणार नाही. ती आता चारही पाय टेकून उभी राहते. तिला माझ्या हवाली करून रानात परत जाताना तू बजावलं होतंस, ओट कोमट पाण्यात भिजवून दे, मानेला वारा लागू देऊ नकोस. मी तेव्हा खोकत उभी होते. माझ्या खोकल्याबद्दल विचारायचं तुझ्याकडून राहून गेलं.

बाईने घोडीवर जळावं, याचं तुला हसू येईल. पण आपल्या लग्नाचा दिवस आठव. तुम्ही चौघे भाऊ बसलात की चौघांपुरती लांब होणारी तिची पाठ, मी रिकिबीत पाय ठेवताच आखडून एवढीशी झाली. वऱ्हाडी पोट धरून हसले. तुझी आई म्हणाली, "सूनबाई, थोरल्या सवतीला आधी नमस्कार कर." तूही हसलास. नवरी चिखल तुडवत गडावर आली आणि नवरा वर बसून घोडीच्या कानात काहीतरी सांगत होता. तिला माणसांचं बोलणं कळतं, म्हणून तू सगळं तिलाच सांगायचास. राजाविरुद्ध तलवार उपसायची, हेही तिला आधी कळलं. मला कळलं ते तुझं चिलखत घासताना.

राजाने तुमचं रान हिसकावलं, तुझा राग खरा आहे. पण त्याने तहाला मान डोलावली तेव्हा मी मेणबत्ती लावली होती. त्याच्या अटी दोन: घोडी द्या, नाहीतर मुलगी ओलीस ठेवा, आणि रिवाजाप्रमाणे शरण येणाऱ्या बंडखोराने पाठीवर खोगीर घेऊन अनवाणी यावं. पूर्वी असं खोगीर तुझ्या मामांनी वाहिलं, तेव्हापासून तू त्यांना गाढव म्हणतोस. तुझं उत्तर तिएरी घेऊन आला. खाली बघत म्हणाला, "वहिनी, दादा म्हणतो पोरीला तिथे काही कमी पडायचं नाही. मोरेल मात्र द्यायची नाही." त्याने एमलीनला पुढ्यात बसवून राजाच्या छावणीत नेलं. आपण जत्रेला चाललो असं समजून ती मला हात हलवत होती.

मी तबेल्यात गेले ती मोरेलला मारायलाच. हातात मांस कापायची सुरी होती. पण आधी तिला सगळं ऐकवलं. म्हटलं, तुझ्यापायी माझी पोर गेली, सटवे, आता तरी तुझं पोट भरलं का? तिने ऐकून घेतलं. मग गुडघे टेकले आणि माझ्यासमोर तिची पाठ हळूहळू लांब झाली, माझ्यापुरती आणि वर एका लहान पोरीपुरती. मी सुरी टाकली आणि तिच्यावर खोगीर चढवलं.

छावणीत तिला दोर बांधावा लागला नाही. एमलीन माझ्याकडे धावली, तशी मोरेल तिच्या केसांना तोंड लावून आपणहून राजाच्या माणसांकडे चालत गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मला तिचा अजूनही हेवा वाटतो, गोतिये. पोरीसाठी जे तिच्या बापाने करायचं, ते तिने केलं, आणि मला तिचे आभार मानावे लागले.

खोगीर मात्र मी उतरवून घेतलं. राजाने घोडी मागितली होती, खोगीर नाही. ते खांद्यावर घेऊन मी गडापर्यंत चालत आले, एमलीन पट्टा धरून गाणी म्हणत होती. तेच या पत्राबरोबर पाठवते आहे. जड आहे, डाव्या खांद्यावर घे, म्हणजे कमी रुततं. तू आलास तर तह पुरा होईल आणि पोर माझ्याजवळ राहील. नाही आलास, तर ते तिला पुन्हा न्यायला येतील, आणि तिच्या बदल्यात द्यायला आता मोरेलही नाही. राजा तिच्यावर बसून तुझी वाट बघतो आहे. तू अनवाणी चिखलातून येशील, मान वर करशील, आणि ती दुसऱ्याच कोणाला पाठीवर घेऊन उभी असेल. लग्नाच्या दिवशी मी काय बघत चालत होते, ते तेव्हा तुला कळेल.

तरीही तुझीच,
रिशिल्ड