आत्तीच्या वाट्याआधी बँकेचा हप्ता

आबा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि तुम्हाला पहिल्यांदाच लिहितोय, तेही घाबरून. कागलच्या एमआयडीसीतली आपली फौंड्री चालू आहे, पण आठवड्यातून तीनच दिवस.

आत्तीनं जमिनीवरचा हक्क सोडला तेव्हा तुम्ही तिची साडीचोळीवर बोळवण केली नाही, कंपनीचे शेअर दिलेत. शंभरातले चाळीस तुमचे, चाळीस काकाचे, वीस तिचे. कर्ज एका रुपयाचं नाही. मंदीचं एक साल आठवतं. मी शाळेच्या कपड्यात ऑफिसच्या दारात उभा आहे आणि तुम्ही काकाला सांगताय, "यंदा नफा न्हाय. च्या पी आन् जा." काका म्हणतो, "मग दोन कप सांग की." आत्ती हसते. विषय तिथंच संपतो.

कारखान्यात असे वाटेकरी असण्यात मला कमीपणा वाटायचा. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून फौंड्रीत आलो. जिच्यावाचून मला एक दिवस सुचत नाही, तिच्या वडिलांनी तोंडावर विचारलं, "पावणं, कारखाना तुमचा का चुलत्याचा?" डोकंच फिरलं. ठरवलं, कंपनीच्या नावावर कर्ज काढायचं आणि काकाचे शेअर परत घ्यायचे. वाटेकरी कमी झाले की आपला वाटा मोठा, एवढंच मला दिसत होतं. काका म्हणाला, "तुझ्या बापानं बँकेची पायरी चढली न्हाय." मी म्हणालो, "म्हणूनच भट्टी एकच राहिली." ते बोलायला नको होतं. तुमचे चाळीस आता माझ्याकडे, काकाचे त्याच्याकडे; निकाल आत्तीच्या मतावर होता. तिनं कागद न वाचता माझ्या बाजूनं सही केली. "पोराचं लगीन जमतंय तर जमू दे की." काका शेअरचे पैसे घेऊन बाजूला झाला.

पहिल्या वर्षी वाटा खरंच वाढला. आत्तीनं गल्लीत पेढे वाटले. यंदा ऑर्डरी निम्म्यावर आल्या. नफा अगदीच नाही असं नाही. तुमच्या वेळी तिघांना थोडं थोडं तरी मिळालं असतं. आता तो सगळा हप्त्यात जातो, आणि हप्ता थकला तर कुणालाच वाटा द्यायचा नाही, असं मीच सही केलेल्या कागदात आहे. काका मंदीत गप्प बसायचा. बँक बसत नाही. आणि आत्तीनं गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख या वाट्याच्या भरवशावर घेतली आहे. जिच्यासाठी हे केलं ती रोज विचारते, एवढा गप्प का? तिलाही सांगायचं धाडस होत नाही.

आज आत्ती मलकापूरहून एसटीनं आली. गेटवर तिचा आवाज ऐकला आणि मी मागच्या वाळूच्या ढिगाआड येऊन बसलो. भट्टीवाल्यानं माझ्या सांगण्यावरून थाप मारली, "मालक बँकेत गेल्यात." ती म्हणाली, "जाऊ दे, बसते मी. फोन करू नगासा, उगंच गडबडीनं गाडी मारत येईल."

तास झाला. ती ऑफिसात बसली आहे. मी इथं माल पाठवायच्या चलनाच्या पाठीवर हे लिहितोय, जे कुठं पाठवायचं नाहीच. आबा, मी अजून उठलेलो नाही.