वसुली प्रतिनिधी घरचा माणूस झाल्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक गोपनीयता विभाग,
मुख्य कार्यालय.

अर्जदार : काच कापून तसबिरींना चौकटी बसवणारा आपला एक थकीत कर्जदार.

विषय : कर्जाची बाब घरच्यांपासून गुप्त ठेवण्याच्या नियमाचे आपल्या वसुली प्रतिनिधीने तंतोतंत पालन केल्याबाबत तक्रार.

संदर्भ : आपले माहितीपत्रक, कलम चार.

महोदय,

१. काच कापण्याच्या यंत्रासाठी मी आपणाकडून कर्ज घेतले. घरी मात्र जुन्या गिऱ्हाइकाने यंत्र वापरून पाहायला दिले आहे, असे सांगितले. यंत्र काच वाकडी कापते, हप्ते थकले आहेत, आणि कुणाला न विचारता हे करून बसलो ही चूक सर्वस्वी माझी आहे. (येथे लेखन काही वेळ थांबले होते. क्षमस्व.)

२. मी फोन उचलेना, म्हणून प्रतिनिधी घरी आले. कलम चारनुसार कर्जदाराखेरीज घरात कुणापाशीही कर्जाचा अवाक्षरानेही उल्लेख करायचा नाही. दार आईने उघडले. मी आतून घाबरून ओरडलो, "माझा शाळेतला मित्र आलाय!" आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिने त्यांचा चेहरा जवळून न्याहाळला आणि म्हणाली, "अगं बाई, ओळखलं की! केवढा वाळलास रे." प्रतिनिधींनी हे नाकारले नाही. नाकारून कोण ते सांगितले असते तर नियमभंग झाला असता, असे त्यांनी नंतर जिन्यात मला समजावले.

३. तेव्हापासून ते दर मंगळवारी येतात. मी मुद्दाम बाहेर गेलो तरी बसून राहतात, कारण कर्जदाराची वाट पाहणे त्यांच्या कामात मोडते. बसल्या बसल्या त्यांनी माझ्या मुलीला भागाकार शिकवला. स्वयंपाकघरातला गळका नळ मी वर्षभर आज करतो, उद्या करतो म्हणत होतो, तोही त्यांनीच दुरुस्त केला. शाळेत मी कसा होतो, असे आईने विचारले असता त्यांनी उत्तर दिले, "हुशार होता हो, पण अडलं तर विचारायला लाजायचा." हे त्यांना कुठून कळले, याची चौकशी व्हावी.

४. खरी तक्रार पुढेच आहे. कर्जदाराच्या घरच्यांनी सांगितलेली गुपिते राखण्याबाबत आपल्या पत्रकात एकही कलम नाही. गेल्या मंगळवारी प्रतिनिधींनी मला जिन्यात गाठून सांगितले, की आईने डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली आहे. आईने त्यांना बजावले होते, "त्याला सांगू नकोस. त्याच्यामागे काहीतरी लागलंय. विचारलं तर खोटं बोलेल बिचारा, आणि मग मलाच वाईट वाटेल." एवढे सांगून प्रतिनिधी हप्ता न मागताच उतरून गेले.

५. मला माझी लाज वाटते. हे वाक्य अर्जाच्या नमुन्यात बसत नसल्यास वगळावे.

६. कलम चार माझ्यापुरते शिथिल करून प्रतिनिधींनीच माझ्या पत्नीला सर्व सांगावे, तोंड उघडण्याची माझी हिंमत नाही, अशी विनंती मी करणार होतो. परंतु त्याच यंत्राने काल माझा उजवा अंगठा कापला. मला लिहिता येत नाही. सबब हा अर्ज मी सांगत आहे आणि पत्नी लिहीत आहे.

७. आता विनंती एवढीच, की प्रतिनिधींवर कारवाई करू नये व त्यांची बदलीही करू नये. ऑपरेशननंतर आईला चेहरे स्पष्ट दिसतील. हा तुझ्या मुलाचा मित्र नव्हे, हे त्या वेळी मी स्वतः तिला सांगेन.

आपला नम्र व फार उशिरा बोलता झालेला,
(डाव्या हाताची सही)
अर्जदार
दिनांक : महिन्याचा दुसरा सोमवार

सोबत :
१) आपली नोटीस (कपाटामागे दडवलेली).
२) डॉक्टरांची चिठ्ठी, तारीख तीनदा खोडलेली. चौथी तारीख आज सकाळी घेतली आहे.

लेखनिकाची टीप : अर्जदार सांगत गेले तसे लिहिले. परिच्छेद एकमधील मजकूर मला लिहितानाच कळला. पेन तेव्हा मी खाली ठेवले होते. यंत्र विकायला काढत आहोत. यापुढील सर्व पत्रे दोघांच्या नावे पाठवावीत.