फेट्यातल्या नोटा आणि विहिरीजवळचे अठरा गुंठे

मी, आक्काबाई मच्छिंद्र ओव्हाळ, वय अंदाजे साठ, धंदा शेती, राहणार मौजे वाघदरा, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. दबाव आहे, पण तो न लिहिण्यासाठी आहे. मला दमा नाही, साखर नाही, रक्तदाब नाही. मी अचानक मेले तर आधी डॉक्टरकडून चिरफाड करून घ्यावी, मग सरण रचावं.

कलम १. आमच्या भावकीची वतनाची जमीन सन १९९४ मध्ये सरकारने कारखान्यांसाठी घेतली. त्यातले विहिरीजवळचे अठरा गुंठे तेवढे माझ्या नावावर राहिले. ते कसे राहिले हे सांगितल्याशिवाय वाटप समजणार नाही.

आमच्यात इंग्रजांच्या काळापासून एक रीत. सरकारला जमीन हवी असली की साहेब भावकीतल्या थोरल्याला फेटा बांधायचा. फेटा बांधला की थोरल्याचा शब्द तो सगळ्यांचा शब्द. लोहमार्गाला जमीन गेली तेव्हा माझ्या आजेसासऱ्यांना असाच फेटा बांधला होता. वरून त्यांना काय मिळालं याची कुजबुज घरात अजून चालते.

चौऱ्याण्णव साली जयसिंग दलालाने तीच रीत उकरून काढली. समाजमंदिरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, जमीन घ्यायला आलेल्या साहेबाच्या हातून माझे थोरले दीर हरिबा यांना फेटा बांधला आणि बाकीचे अंगठा द्यायला रांगेत उभे राहिले. माझे यजमान पुढे झाले. म्हणाले, "दादा, आमच्या जमिनीचा भाव एवढा हलका, आन् तुमचा फेटा एवढा जड कशापायी?" आणि फेटा ओढला. त्याच्या पदरातून नोटांच्या गड्ड्या खाली पडल्या.

नोटा सगळ्यांनी पाहिल्या. पण ओरडले कशावर? "थोरल्याच्या डोक्याला हात घातला! लाज न्हाई व्हय रं तुला?" हरिबा भाऊजींनी तिथेच यजमानांच्या थोबाडीत दिली, जयसिंगच्या माणसांनी नोटा वेचल्या आणि रांग पुन्हा लागली. आमच्या भावकीला चोरी दिसली नाही, फेटा पडलेला दिसला. याचा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही.

त्याच आठवड्यात तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराहून येताना यजमानांना जयसिंगच्या माणसांनी सायकलवरून ओढलं. लोखंडी गजांनी आधी गुडघे फोडले, मग डोकं. वस्तीपासून हाकेच्या अंतरावर मारत होते. आरडाओरडा ऐकून भावकीने दारं लावून घेतली. मी धावले तेव्हा कानातून रक्त येत होतं. शेजारच्या अयुबभाईंनी आपला टेम्पो काढला. पुण्याला पोचण्याआधी, माझ्या मांडीवर ते गेले. "अंगठा दिऊ नको," एवढंच बोलले. मी दिला नाही, म्हणून ते अठरा गुंठे राहिले.

खटल्यात साक्षीदार फिरले. जयसिंग सुटला आणि गळ्यात हार घालून एसटी स्टँडवर चहा पीत बसला. मी ऊसतोडीवरून तशीच तिथे गेले आणि कोयता घातला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं टेबलावर राहिली. मला मान हवी होती, तो हलला. मी हे न्यायाधीशांनाही असंच सांगितलं, म्हणून शिक्षा वाढली असं वकील म्हणाले. लिहायला मी तुरुंगात शिकले. तो कोयता पोलिसांनी मुद्देमाल म्हणून नेला, परत दिला नाही. सबब तो या वाटपात धरू नये.

कलम २. घर सून करुणा हिला. मी तुरुंगात असताना जयसिंगच्या लोकांनी ते पेटवलं, तेव्हा जळता पत्रा हाताने ओढून तिने नातीला बाहेर काढलं. तिचे तळवे अजून बघवत नाहीत. पुढेही तिने ते कशासाठी मोडू दिलं नाही, ते घर तिचंच.

कलम ३. पाटल्या मुलगी रश्मी हिला. दुभती शेळी अयुबभाईंच्या बायकोला, रोशनबीला. टेम्पोतली गादी रक्ताने भिजली होती, ती तिने ओढ्यावर धुतली आणि मला कधी बोलून दाखवलं नाही.

कलम ४. हरिबा भाऊजींना काही नाही. त्यांनी माझ्या मयताला यायचं तर बोडक्या डोक्याने यावं. बाकी भावकीने दारं लावून घरातच बसावं, त्यांना सवय आहे.

कलम ५. अठरा गुंठे. चौऱ्याण्णव साली भावकीची जमीन घेताना वरचे पैसे कोणी कोणाला दिले, याची चौकशी आता लागली आहे. उद्या शिरूरला माझा जबाब आहे. नोटा पडल्या म्हणणारी मी एकटी, बाकी सगळे नुसता फेटा पडला म्हणतात. परवा कोणीतरी आमच्या कुत्र्याचं मुंडकं दारात टाकून गेलं.

मुलगा सम्राट दुपारी पाय धरून बसला. "आये, नको जाऊस. मला कंपनीत पर्मनंट करत्यात म्हंजी काय फुकट व्हय? तू बोललीस तर मलाबी बापावानी मारत्याल."

"मारत्याल," मी म्हणाले. "खोटं कशाला सांगू?"

तो रडला. मीही रडले. माझ्या पोटचा आहे तो, त्याला काही झालं तर मी जगणार नाही. पण बापाचं रक्त गिळून तो त्याच कारखान्याच्या फाटकावर सलाम ठोकत म्हातारा झालेला मला बघायचा नाही. म्हणून ही अट घालते. उद्या सगळ्यांच्या देखत तो माझ्याबरोबर वस्तीतून चालत एसटीपर्यंत आला, तर अठरा गुंठे त्याचे. न आला तर रश्मीचे.

साक्षीदार:
१. सोजरबाई ओव्हाळ, वाघदरा (अंगठा). त्या दिवशी हिनेही दार लावलं होतं. आज न बोलावता आली.
२. संघर्ष रणपिसे, यवत, माझा भाचा (सही).

सही: आक्काबाई मच्छिंद्र ओव्हाळ
वाघदरा, दिनांक १७ नोव्हेंबर २००३

सहीनंतरची नोंद: सम्राटने वरचं सगळं वाचलं. म्हणतो, "येतो मी. ती अट तेवढी खोड, न्हाईतर लोक म्हणत्याल जमिनीपायी आला." मी अट खोडलेली नाही. सकाळी पुढे चाल म्हणाले, मग खोडते.